संगणकातील विषम प्रक्रियक

विषम प्रक्रियक : एकाच संगणकात एकत्र काम करणारे, परंतु आज्ञासंच, वेग, शब्दलांबी किंवा आवृत्ती यांबाबत एकमेकांशी न जुळणारे प्रक्रियक. संगणकातील आज्ञा वाचून त्यांप्रमाणे आकडेमोड करणाऱ्या घटकास प्रक्रियक म्हणतात. हा घटक फार लवकर जुना होतो. संगणकाचे इतर भाग, म्हणजे स्मृती, साठवणुकीच्या तबकड्या, जोडणीच्या तारा व सांगाडा हे त्या मानाने अधिक काळ टिकतात आणि त्या संगणकासाठी लिहिलेल्या आज्ञावल्या तर त्याहूनही दीर्घायुषी असतात. त्यामुळे जुना संगणक समूळ टाकून देण्याऐवजी त्यात एखादा नवा प्रक्रियक बसवावा, हा विचार संगणकाचा वापर करणाऱ्या प्रत्येक पिढीला सुचलेला आहे. साधनसंपत्ती मर्यादित असलेल्या देशांत तर तो अपरिहार्यच ठरला. मूळच्या जातीचा प्रक्रियक तोवर बाजारातून नाहीसा झालेला असतो, म्हणून जो मिळेल तो जुन्याच्या शेजारी बसवावा लागतो आणि विषमता उत्पन्न होते.

ही विषमता दोन प्रकारची असते. एकाच कुळातील पण निरनिराळ्या आवृत्तींचे वा वेगांचे प्रक्रियक एकत्र आणणे, हा पहिला प्रकार. त्यात दोघांनाही साधारणतः त्याच आज्ञा समजतात व म्हणून कोणतेही काम कोणाकडेही सोपविता येईल असे वाटते. सर्वस्वी भिन्न कुळांतील प्रक्रियक एकत्र आणणे, हा दुसरा प्रकार. वरवर पाहता पहिला सोपा व दुसरा अवघड वाटतो. इतिहास मात्र बऱ्याच अंशी उलट आहे. भिन्न कुळांच्या जोडीत कोणी काय करावयाचे याची वाटणी आरंभीच करावी लागते आणि ती नीट केल्यास यंत्र चालते. एकाच कुळाच्या जोडीत ही वाटणी अनावश्यक मानली जाते व बारीक फरकांतून दोष उद्भवतात.

पूर्वेतिहास : मोठ्या संगणकांच्या काळात विषम जोडीला सर्वांत जुने कारण होते ते वेगातील तफावतीचे. छिद्रपत्रे वाचणे व निष्कर्ष छापणे ही कामे इतकी मंद असत की, त्यांसाठी महागडा संगणक अडकवून ठेवणे परवडत नसे. आयबीएम कंपनीच्या ७०९० या मोठ्या संगणकाबरोबर १४०१ हा लहान संगणक त्यामुळेच वापरीत. छिद्रपत्रांवरील मजकूर १४०१ चुंबकीय फितीवर उतरवी, ७०९० ती फीत वाचून आकडेमोड करी आणि निष्कर्षांची फीत पुन्हा १४०१ कडे छपाईसाठी येई. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये आलेल्या सीडीसी ३६०० या संगणकासही १६०-ए हा लहान संगणक जोडीला होता. मोठ्या संगणकाची शब्दलांबी ४८ बिटांची, तर लहानाची १२ बिटांची होती. लहानाचे चार शब्द एकापुढे एक ठेवले की मोठ्याचा एक शब्द बरोबर भरे. अशी जुळणी योगायोगाने होत नाही. दोन्ही यंत्रे एकाच कंपनीची होती व ती शेजारी नांदतील हे अभिकल्प करणाऱ्यांनी गृहीत धरलेले होते.

एकाच सामायिक स्मृतीवर निरनिराळे प्रक्रियक चालविण्याचा एक महत्त्वाचा प्रयोग अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील कार्नेगी-मेलन विद्यापीठात १९७१ नंतर झाला. सी.एमएमपी. या नावाच्या त्या संगणकात पीडीपी-११ या कुळातील सोळा लघुसंगणक एका मोठ्या स्विच-जाळ्यातून सामायिक स्मृतीला जोडले होते. आरंभी पीडीपी-११/२० हे प्रतिमान घेतले. पुढे त्याच कुळातील अधिक जलद ११/४० उपलब्ध झाले व उरलेल्या जागा त्यांनी भरल्या. अखेरीस पाच जुनी व अकरा नवी अशी मिश्र रचना सिद्ध झाली. ११/४० ला काही आज्ञा अशा समजत की ज्या ११/२० ला ठाऊकच नव्हत्या. एखादे काम एका प्रक्रियकावर अर्धे होऊन दुसऱ्यावर पुढे चालावयाचे असेल, तर त्याच्या आज्ञावलीत दोघांना समजणाऱ्या आज्ञाच वापरणे भाग होते. म्हणजे नव्याचे वाढीव गुण अशा कामापुरते निरुपयोगी. समान कुळातील मिश्रणाला हा न्याय पुढेही कधी चुकला नाही.

सूक्ष्मप्रक्रियकांचे युग सुरू झाल्यावर ही अडचण मेजावरील संगणकापर्यंत आली. इंटेल कंपनीच्या ८०८६ (१९७८) या सूक्ष्मप्रक्रियकाला अपूर्णांकांचे गणित स्वतः करता येत नसे. त्यासाठी ८०८७ (१९८०) हा पूरक प्रक्रियक शेजारच्या खोबणीत बसवीत. १९८५ मध्ये ३२ बिटांचा ८०३८६ निघाला, परंतु त्याच्या जोडीचा ८०३८७ बाजारात येण्यास १९८७ उजाडले. मधल्या काळातील काही मदरबोर्डांवर ८०३८६ च्या शेजारी मागील पिढीच्या ८०२८७ ची खोबण दिलेली आढळते. ८०२८७ ची वाहिनी १६ बिटांची. मुख्य प्रक्रियक एका खेपेत जेवढे देऊ शके, तेवढे घेण्यास पूरकाला दोन खेपा लागत. तरीही ही जोडी चालली, कारण ८०३८६ मध्ये जोडीदार कोणत्या पिढीचा आहे हे नोंदवून ठेवण्याची सोय केलेली होती. विषम जोडी यशस्वी व्हावयाची तर निदान एकाला तरी दुसऱ्याची मर्यादा ठाऊक असावी लागते. बंगलोर येथील राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत १९८६ मध्ये तयार झालेला फ्लोसॉल्व्हर हा भारतातील आरंभीचा समांतर संगणक ८०८६ व ८०८७ यांच्याच जोड्यांवर आधारलेला होता.

परम संगणक : विषम प्रक्रियकांच्या साहाय्याने जुन्या यंत्राचे सामर्थ्य वाढविण्याचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण पुण्याच्या परम संगणकाचे होय. हवामानाच्या अंदाजासाठी भारताला अतिशीघ्र संगणक हवा होता. अमेरिकेच्या निर्यात नियंत्रणामुळे वाटाघाटी लांबल्या आणि मागणीपेक्षा लहान, एकच प्रक्रियक असलेला क्रे एक्स-एमपी/१४ हा संगणक १९८८ मध्ये दिल्लीस आला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने पुणे येथे प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) स्थापन केले. तीन वर्षांत, सुमारे तीस कोटी रुपयांत, दर सेकंदास एक अब्ज गणिती क्रियांच्या पल्ल्याचा संगणक बनवावा, असे त्याला ठरवून दिले होते. केंद्राचे संस्थापक संचालक विजय भटकर हे वऱ्हाडातील. अकोला जिल्ह्याच्या मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा या खेड्यात त्यांचा जन्म १९४६ साली झाला.

क्रे संगणकासारखा एकच अतिजलद प्रक्रियक बनविण्याची साधने देशात नव्हती. म्हणून बाजारात मोकळेपणाने मिळणारे अनेक साधे प्रक्रियक समांतर चालविण्याचा मार्ग स्वीकारण्यात आला. त्यासाठी निवडलेला ट्रान्सप्यूटर हा ब्रिटनमधील ब्रिस्टल येथील इन्मॉस कंपनीचा सूक्ष्मप्रक्रियक होता. त्याच्या टी-८०० (१९८७) या आवृत्तीत आकडेमोड करणारा भाग, थोडी स्मृती आणि चार जोडमार्ग एकाच चकतीवर होते. जोडमार्गांना थेट तारा लावल्या की शेजारच्या चार ट्रान्सप्यूटरांशी संदेशांची देवघेव सुरू होई, मध्ये दुसरा कोणताही परिपथ लागत नसे. एका कामावरून दुसऱ्या कामाकडे वळण्यास त्याला सुमारे एक मायक्रोसेकंद पुरे. असे ट्रान्सप्यूटर मोठ्या संख्येने जाळ्यात गुंफून परम ८००० हा संगणक १९९१ मध्ये सिद्ध झाला. ६४ प्रक्रियकांपासून २५६ पर्यंत त्याचा विस्तार करता येत असे. ठरलेल्या मुदतीत तो पूर्ण झाला ही गोष्ट त्या काळच्या शासकीय प्रकल्पांत उठून दिसणारी होती.

यंत्र तयार झाले त्याच वेळी त्याचे वयही दिसू लागले होते. टी-८०० ची अपूर्णांकी गणिताची प्रत्यक्ष गती दर सेकंदास १५ लाख क्रियांच्या आसपास होती व इतरत्र त्याहून कितीतरी जलद प्रक्रियक निघाले होते. पुढची आवृत्ती म्हणून टी-९००० ची घोषणा इन्मॉसने १९९१ मध्ये केली. परंतु ती चकती वेळेवर आली नाही आणि आली तेव्हा योजलेला वेग तिला गाठता आला नाही. ट्रान्सप्यूटरांवर विसंबून असलेल्या सर्वच संस्थांपुढे त्यामुळे पेच पडला. संपूर्ण अभिकल्प नव्याने करावयाचा तर आणखी काही वर्षे जाणार होती, शिवाय तोवर लिहिलेल्या समांतर आज्ञावल्या वाया जाणार होत्या. जाळे जुनेच ठेवून गणितापुरता दुसरा प्रक्रियक आणावा, असा निर्णय पुण्यात झाला. ब्रिस्टलच्या मेइको या कंपनीनेही आपल्या ट्रान्सप्यूटर-संगणकांबाबत हीच वाट धरली होती.

निवड झाली ती इंटेलच्या आय-८६० ची. १९८९ मध्ये निघालेल्या या ६४ बिटांच्या सूक्ष्मप्रक्रियकाची ४० मेगॅहर्ट्‌झ वेगाला कमाल गती एकेरी अचूकतेसाठी दर सेकंदास ८ कोटी व दुहेरी अचूकतेसाठी ६ कोटी गणिती क्रिया इतकी होती. ट्रान्सप्यूटरच्या तुलनेने हा आकडा डोळे दिपविणारा होता. मात्र आय-८६० ला जोडमार्ग नव्हते. शिवाय चालू काम मध्येच थांबवून दुसऱ्याकडे वळणे त्याला अतिशय जड जाई. प्रतिकूल स्थितीत त्यात सुमारे २,००० कालस्पंद, म्हणजे ५० मायक्रोसेकंद खर्ची पडत. दर थोड्या वेळाने शेजाऱ्याचा संदेश येणाऱ्या समांतर संगणकात असा प्रक्रियक एकटा ठेवला, तर तो दारावरची थाप ऐकण्यातच दमून जाईल.

परम ८६०० या सुधारित संगणकात दोघांचे दोष परस्परांच्या गुणांनी झाकले गेले. दर चार ट्रान्सप्यूटरांमागे एक आय-८६० अशी ही रचना होती. संदेश स्वीकारणे, पुढे धाडणे व मार्ग ठरविणे हे ट्रान्सप्यूटरांकडे राहिले. एकसलग आकडेमोड आय-८६० कडे गेली. २५६ ट्रान्सप्यूटरांच्या संचात या प्रमाणाने ६४ आय-८६० बसतात आणि ८ कोटी क्रियांनी गुणल्यास दर सेकंदास ५ अब्जांहून काही अधिक क्रिया ही यंत्राची जाहीर कमाल गती मिळते. आणखी एक गोष्ट अनुकूल होती. दोन्ही प्रक्रियक अपूर्णांक लिहिण्याचा १९८५ चा आंतरराष्ट्रीय संकेत पाळणारे होते व संख्येतील बाइटांचा क्रमही सारखा ठेवता येत होता. ट्रान्सप्यूटर कमी महत्त्वाचा बाइट आधी ठेवी, तर आय-८६० ला दोन्ही क्रम चालत. त्यामुळे एकाने स्मृतीत ठेवलेली संख्या दुसऱ्याला रूपांतर न करता वाचता येई. हे साम्य नसते, तर प्रत्येक देवघेवीत भाषांतराचा खर्च पडून निम्मा लाभ बुडाला असता. विषम जोडीची चर्चा करताना वेगाचे आकडे पुढे येतात, संख्यांचा लेखनसंकेत मागे राहतो. वास्तविक तोच आधी पाहावयास हवा.

जोडमार्ग मात्र पूर्वीचेच राहिले आणि खरी अडचण तेथे होती. टी-८०० च्या एका जोडमार्गावरून एका दिशेने दर सेकंदास सुमारे १७ लाख बाइट, म्हणजे आठ बाइटांच्या साधारण दोन लाख संख्या जात. ट्रान्सप्यूटर स्वतः गणित करी तेव्हा एक संख्या येईपर्यंत त्याच्या सुमारे सात क्रिया होत असत. आय-८६० कमाल गतीने चालला, तर तेवढ्याच वेळात त्याच्या तीनशे क्रिया होतात. याचा अर्थ असा की, शेजाऱ्याकडून आलेल्या प्रत्येक संख्येवर करण्याजोगे शेकडो क्रियांचे काम हाती नसेल, तर जलद प्रक्रियक वाट पाहत स्वस्थ बसतो. जुन्या यंत्रावर उत्तम समतोल साधलेली आज्ञावली नव्या यंत्रावर याच कारणाने उपाशी राहू शके.

वऱ्हाडातील वाचकास हे चित्र परिचित वाटेल. अचलपूर–परतवाडा या जोडगावांना मूर्तिजापूरशी जोडणारा अरुंदमापी लोहमार्ग कापसाच्या वाहतुकीसाठी घातलेला होता. त्याच्या रुळांतील अंतर ७६२ मिमी. असून मूर्तिजापूरला तो मुंबई–नागपूर या रुंदमापी मार्गास मिळे. रुंद मार्गावरील गाडी कितीही वेगवान असो, अचलपूरकडून आलेला माल एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढविल्याखेरीज पुढे जात नसे. शकुंतला या नावाने लोकांच्या तोंडी असलेल्या या मार्गावर १९२३ पासून वापरात असलेले मँचेस्टरमध्ये बनविलेले वाफेचे एंजिन १९९४ मध्ये निवृत्त होऊन डीझेल एंजिन आले, परंतु रूळ तेच राहिल्याने गाडीच्या वेगात फारसा फरक पडला नाही. आता त्या मार्गावरील वाहतूक बंद झालेली आहे. परम ८६०० च्या बाबतीतही एंजिन बदलले होते, रूळ जुने होते. फरक इतकाच की येथे मालाची बांधणी बदलून तोटा भरून काढता येत होता.

ती बांधणी अशी. हवामान किंवा प्रवाही पदार्थांची गती यांसारख्या प्रश्नांत अवकाशाचे लहानलहान घन तुकडे पाडून प्रत्येक तुकडा एकेका प्रक्रियकाला देतात. आकडेमोड तुकड्यातील सर्व बिंदूंवर करावी लागते, शेजाऱ्यांना मात्र फक्त पृष्ठभागावरील संख्या पाठवाव्या लागतात. दर बाजूस १० बिंदू असलेल्या तुकड्यात १,००० बिंदू असतात व सहा पृष्ठभागांवरील ६०० संख्यांची देवघेव करावी लागते. बाजू ४० बिंदूंची केल्यास बिंदू ६४,००० होतात आणि देवघेव ९,६०० संख्यांची, म्हणजे प्रत्येक बिंदूमागे देवघेव पूर्वीच्या चतुर्थांशावर येते. सारांश, जुन्या जोडमार्गांवर नवा प्रक्रियक उपयोगी पडावा यासाठी तुकडे मोठे करावे लागले आणि मोठ्या तुकड्यांसाठी प्रत्येक ठिकाणी स्मृतीही अधिक द्यावी लागली. ज्या प्रश्नांचे असे मोठे तुकडे पडत नाहीत, त्यांना या वाढीव सामर्थ्याचा लाभ थोडाच झाला. जीन ॲम्डाल यांनी १९६७ मध्ये मांडलेले तत्त्व येथेही लागू पडते : कामाचा दहावा हिस्सा जरी जुन्या गतीने होणारा उरला, तरी उरलेले काम क्षणात होऊनही एकूण वेग दहापटींहून अधिक वाढत नाही.

जाहीर कमाल गती व प्रत्यक्ष मिळणारी गती यांत आय-८६० ने जगभर सर्वांचीच निराशा केली. त्यातील गणिती भागांना टप्प्याटप्प्याने काम पुरविण्याची जबाबदारी आज्ञावली लिहिणाऱ्यावर किंवा उच्च स्तरीय भाषेतून यंत्रभाषेत उतरविणाऱ्या भाषांतरकावर टाकलेली होती आणि त्या काळच्या भाषांतरकांना ती पेलली नाही. हाताने यंत्रभाषेत लिहिलेले नेमके भाग वेगाने चालत, साधी फोर्ट्रान आज्ञावली त्याच्या अल्पांशानेच चाले. विषम जोडीत हा भार दुप्पट होतो, कारण दोन प्रक्रियकांसाठी भाषांतरक दोन, दोष शोधण्याची साधने दोन आणि कोणता भाग कोठे चालवावा हा निर्णय पुन्हा माणसाचाच. केंद्राने विकसित केलेल्या पारस या आज्ञावली-संचाने ही ओढाताण पुष्कळ कमी केली, पण नाहीशी केली नाही. यंत्राची किंमत वाचली ती आज्ञावलीकारांच्या श्रमांतून वसूल झाली, असे म्हणणे अतिशयोक्त ठरणार नाही. मात्र याच श्रमांतून देशात समांतर संगणनाचे काम जाणणारी तंत्रज्ञांची पहिली मोठी पिढी तयार झाली आणि परम यंत्रे रशियासह काही परदेशांतही गेली, हेही या हिशेबात धरले पाहिजे.

मुंबईजवळ तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने त्याच सुमारास, १९९१ मध्ये, अनुपम हा समांतर संगणक तयार केला. त्यातही आय-८६० हाच प्रक्रियक होता, परंतु तेथे मागे सांभाळावयाचे ट्रान्सप्यूटर-जाळे नव्हते. प्रक्रियक मोजकेच असल्याने ते एका सामायिक वाहिनीवर बसविता आले व विषमतेचा प्रश्न उद्भवला नाही. जुने सामर्थ्य हाती असणे हेच कधीकधी अडचणीचे मूळ असते.

मिश्रणाचे आयुष्य फार नव्हते. ट्रान्सप्यूटर आणि आय-८६० या दोन्ही मालिका १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत संपुष्टात आल्या. दोन निरनिराळ्या उत्पादकांवर अवलंबून असलेले यंत्र, त्यांपैकी कोणीही एक थांबला की, अडते. परम ९००० (१९९४) च्या वेळी केंद्राने म्हणून वेगळे धोरण पतकरले. प्रक्रियक बदलता येईल असा खुला सांगाडा आधी बनविला आणि मग त्यात सुपरस्पार्क, अल्ट्रास्पार्क किंवा अल्फा यांपैकी एका जातीचे प्रक्रियक घेऊन निरनिराळ्या आवृत्त्या काढल्या. १९९८ चा परम १०००० हाही अल्ट्रास्पार्क-२ या एकाच जातीच्या प्रक्रियकांचा होता.

मेजावरील संगणक : एका मदरबोर्डावर दोन सारखे प्रक्रियक बसविण्याची सोय इंटेलच्या पेंटियम कुळाबरोबर सामान्य कार्यालयांपर्यंत पोहोचली. पैसे नसल्यास आरंभी एक खोबण रिकामी ठेवीत व दोन-तीन वर्षांनी दुसरा प्रक्रियक आणू पाहत. तोवर त्याच नावाच्या प्रक्रियकाच्या अनेक आवृत्त्या निघून गेलेल्या असत. मुंबई-पुण्याच्या बाजारांत जुना जोडीदार शोधून काढणे एक वेळ शक्य होई, परतवाड्यासारख्या गावी मिळेल त्यावर भागवावे लागणार हे उघड आहे. अशा वेळी काय जुळलेच पाहिजे व कशात थोडी सूट आहे, याचे नियम उत्पादकांनी घालून दिलेले आढळतात. बाह्य वाहिनीचा वेग आणि निकटस्मृतीचा आकार समान हवा. विद्युत् दाब मदरबोर्डाला पुरविता येण्याजोगा असावा. आवृत्तीत एखाद्या पायरीचा फरक चालेल, पण संगणक सुरू करणारा प्रक्रियक दोहोंतील जुना असावा. हा शेवटचा नियम विचित्र वाटला तरी मार्मिक आहे. परिचालन प्रणाली सुरू होताना पहिल्या प्रक्रियकाला विचारून कोणत्या आज्ञा उपलब्ध आहेत हे ठरविते. पहिला नवा असल्यास ती त्याच्या वाढीव आज्ञा सर्रास वापरू लागते आणि ते काम जुन्याकडे गेले की तेथे अडखळून बंद पडते. म्हणून मान धाकट्याला न देता थोरल्याला द्यावा लागतो.

याहून फसवा दोष कालगणनेचा असे. प्रत्येक प्रक्रियकात त्याच्या स्वतःच्या कालस्पंदांची मोजणी चालू असते व पुष्कळ आज्ञावल्या तिचा उपयोग घड्याळासारखा करीत. दोन प्रक्रियकांचे वेग निराळे असले की मोजण्याही निराळ्या होतात. काम एकाकडून दुसऱ्याकडे गेले असता, मघाची वेळ आताच्या वेळेपुढे असल्याचे आज्ञावलीस दिसे. यंत्र दिवसभर नीट चालून मध्येच एखादे वेळी चुकत असेल, तर दुरुस्त करणाऱ्याचा संशय प्रथम स्मृतीवर जातो. प्रक्रियकांच्या जोडीवर तो फार उशिरा जातो. याउलट सन कंपनीच्या मोठ्या सेवासंगणकांत अल्ट्रास्पार्क-३ व अल्ट्रास्पार्क-४ यांचे फलक एकत्र चालविण्यास अनुमती होती. तेथे आज्ञासंच एकच होता, मुख्य वाहिनीचा ठोका सर्वांना सारखा होता आणि मालकाने फलक टप्प्याटप्प्याने बदलावेत हे अभिकल्पातच धरलेले होते.

एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात विषमता हेतुपुरस्सर एकाच चकतीत आली. विजेची बचत व्हावी म्हणून हलक्या कामांसाठी लहान व जड कामांसाठी मोठे गाभे एकत्र ठेवण्याची पद्धती ब्रिटनच्या एआरएम कंपनीने २०११ मध्ये जाहीर केली. भ्रमणध्वनींत ती सार्वत्रिक झाली, पण जुना न्याय तेथेही लागू पडला. एका भ्रमणध्वनी-प्रक्रियकाच्या मोठ्या गाभ्यांतील निकटस्मृतीच्या ओळी १२८ बाइटांच्या, तर लहान गाभ्यांतील ६४ बाइटांच्या होत्या. एका गाभ्यावर ओळीची लांबी विचारून तीच दुसऱ्यावर वापरणाऱ्या आज्ञावल्या त्यामुळे अधूनमधून कोसळत. हा दोष २०१६ मध्ये उजेडात आला. इंटेलने २०२१ मध्ये मेजावरील संगणकांसाठी मोठ्या व लहान गाभ्यांचा प्रक्रियक काढला, तेव्हा मोठ्या गाभ्यांना येत असलेल्या ५१२ बिटांच्या गणिती आज्ञा लहानांना येत नव्हत्या, म्हणून त्या मोठ्यांमध्येही बंद ठेवण्यात आल्या.

पुण्यात भिन्न कुळांची जोडी पुन्हा आली ती परम युवा-२ मध्ये. परम युवा हा २००८ चा संगणक इंटेलच्या झीऑन प्रक्रियकांचा होता व त्याची कमाल गती दर सेकंदास ५४ लाख कोटी क्रियांची होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये सिद्ध झालेल्या परम युवा-२ मध्ये नव्या झीऑन प्रक्रियकांबरोबर साठ गाभ्यांचे झीऑन फी हे पूरक प्रक्रियक घालून ती ५२४ लाख कोटींपर्यंत नेण्यात आली. हे काम सुमारे तीन महिन्यांत व १६ कोटी रुपयांत झाले. प्रमाणित चाचणीत यंत्राने ३८६ लाख कोटींहून अधिक, म्हणजे कमाल गतीच्या जवळजवळ तीन-चतुर्थांश, गती प्रत्यक्ष दाखविली. आय-८६० च्या काळाशी तुलना करता येथे मुख्य व पूरक प्रक्रियक एकाच उत्पादकाचे होते, दोघांसाठी भाषांतरक एकाच घराण्यातील होता आणि त्यांना जोडणाऱ्या वाहिनीचा विचार अभिकल्पातच झालेला होता. तथापि झीऑन फी ही मालिकाही २०२० पर्यंत इंटेलने बंद केली. २०२० मधील परम सिद्धी या संगणकात केंद्राने एएमडीच्या मुख्य प्रक्रियकांना एनव्हिडिया कंपनीच्या चित्रप्रक्रियकांची जोड दिली. झीऑन फीसाठी बारकाईने बेतलेल्या आज्ञावल्यांचे गणिती भाग अशा चित्रप्रक्रियकांवर चालविण्यासाठी पुन्हा लिहावे लागतात.